तेराशे बारा माणसांचा वॉर्ड

६ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि नगरपालिकेच्या ऑफिसात मला ओरडता येत नाही, तेव्हा पुन्हा एकदा कागद आणि पेन. मागच्या वेळी तू माझ्या पत्रातल्या सतरा चुका लाल शाईने काढून पत्रच परत पाठवलं होतंस. या वेळी तसं केलंस तर सरळ मामीकडे तक्रार करीन.

बातमी अशी की 'शहर परिचय' या पुस्तकाची चौथी आवृत्ती काढायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं आहे. म्हणे, दप्तरखोलीत तुमच्याशिवाय बसतं कोण? खरंच आहे. मी आणि झुरळं. पुस्तक लहानसं आहे. भूगोल, लोकसंख्या, इतिहास आणि शेवटी बसचं वेळापत्रक, जे छापून येईपर्यंत बदललेलं असतं. एकतीस मार्चच्या आत सगळं छापखान्यात गेलं पाहिजे. तू तरुणपणी इथल्याच शाळेत मास्तर होतास, तेव्हा मुद्रितं तपासायला तुझ्याइतका हक्काचा आणि फुकटचा माणूस मला कुठे मिळणार? तीन वर्षांपूर्वी मी इथे बदली घेतली तेव्हा 'त्या शहरात काय ठेवलंय' म्हणून महिनाभर फुगून बसला होतास. आता बघ काय ठेवलंय ते.

पहिलीच गंमत ऐक. साठ वर्षांपूर्वीची पहिली आवृत्ती सांगते, 'शहराच्या दक्षिणेस वीजघर असून त्यापलीकडे सपाट मैदान आहे.' पस्तीस वर्षांपूर्वीची दुसरी सांगते, 'दक्षिणेस एक ठेंगणी टेकडी आहे.' आणि तिसऱ्या आवृत्तीतले शहाणे तर लिहितात, 'एक नैसर्गिक टेकडी.' आता टेकडी काय रातोरात उगवते? डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितल्यापासून मी रोज सकाळी त्याच टेकडीवर जाते. गवत छान आहे, दोन बाकं आहेत, पण दगड एक नाही. पायाखाली सगळी करडी, भुसभुशीत माती. तुझ्या वेळी होती का रे ती?

तुझी,
चौकशीबाई

१५ जानेवारी

चि. चौकशीबाईस आशीर्वाद.

चुका नऊ. सतरावरून नऊवर आलीस, प्रगती समाधानकारक आहे. मामीने वाचून पाहिलं आणि म्हणाली, पोरीला छळू नका. म्हणून पत्र परत पाठवत नाही.

मुद्रितं खुशाल पाठव. टेकडीचं मला काही आठवत नाही. तीन वर्षंच होतो तिथे, आणि मुलांचे कान पिळण्यापलीकडे खिडकीतून बाहेर बघायला सवड कुणाला होती? जुन्या आवृत्तीत जे आहे ते उतरवून काढ आणि मोकळी हो. असली पुस्तकं कपाटात ठेवण्यासाठीच छापतात.

फिरायला मात्र दुसरीकडे जात जा. चढ-उताराने गुडघे जास्त दुखतात. नदीकडचा सपाट रस्ता चांगला आहे.

तुझा,
मामा

२४ जानेवारी

प्रिय मामा,

तुला टेकडी आठवत नाही? चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या मुलाने पोटदुखीचं खोटं कारण सांगून रजा घेतली ते तुला आठवतं, आणि एक अख्खी टेकडी आठवत नाही? म्हातारा झालास.

असो, ती राहणारही नाही. अभियंता साहेब तिथे बस डेपो बांधताहेत. वीस मार्चला यंत्रं येणार आणि महिन्याभरात सपाटी करणार. त्यांच्या प्रस्तावाला आमच्याच तिसऱ्या आवृत्तीचं पान जोडलंय: 'नैसर्गिक टेकडी, वस्ती नाही.' म्हणजे आमची पुस्तकं कुणीतरी वाचतं बरं का.

आज लोकसंख्येच्या तक्त्यांना हात घातला. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या जनगणनेत डिसेंबरात घरयादी झाली, म्हणजे कुठल्या घरात कितीजण राहतात त्याची आधी नोंद, आणि फेब्रुवारीत प्रत्यक्ष शिरगणती. दोन महिन्यांत थोडा फरक पडतोच. कुणी जन्मतं, कुणी जातं, कुणाची सासू मुक्कामाला येते. सगळ्या वॉर्डांत फरक आहे. फक्त वॉर्ड नऊमध्ये डिसेंबरात तेराशे बारा आणि फेब्रुवारीतही तेराशे बारा! कुणी जन्मलं नाही, कुणी गेलं नाही, एक सासूसुद्धा आली नाही. मी एवढ्याने हसले की शिपाईकाका डोकावून गेले. तिथला प्रगणक चांगलाच आळशी गडी असणार. पंख्याखाली बसून घरयादीची नक्कल करून दिली पठ्ठ्याने. तुझ्या वर्गात असता तर तू त्याला बाकावर उभा केला असतास.

इतिहासाच्या प्रकरणात त्याच वर्षाची एक ओळ आहे: 'वीजघराच्या राखेचा ढीग घसरून चौदा कर्मचारी दगावले.' ती पसरलेली राख म्हणजेच माझी टेकडी असणार, नाही का? पण चौदा माणसांना एकच ओळ. त्यांची नावं शोधून पुस्तकात टाकावीत म्हणते.

तुझी,
चौकशीबाई

१० फेब्रुवारी

चि. भाचीस,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती.

इतिहासातली ती ओळ आहे तशी राहू दे. जुन्या तक्त्यांत बोटं घालू नकोस. हवं तर आजारपणाची रजा काढ आणि हे काम दुसऱ्या कुणाकडे जाऊ दे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे एवढं मागतो आहे.

चुका मोजल्या नाहीत.

मामा

१४ फेब्रुवारी

मास्तर,

'चुका मोजल्या नाहीत' हे वाचलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं होतं. तुम्ही तापाने फणफणलेले असतानाही माझ्या चुका मोजल्या आहेत.

त्या चौदाजणांची नावं शोधायला खालच्या कपाटातून चौकशी अहवालाची फाईल काढली. चौदा नावं पहिल्याच पानावर मिळाली. ते सगळे वीजघराच्या हजेरीपटावरचे, कर्मचारी वसाहतीत राहणारे. मग पुढचं पान उलटलं. राखेच्या ढिगाच्या पायथ्याशी विटा पाडायचं आवार होतं आणि तिथे वॉर्ड नऊची माणसं ठेकेदाराकडे कामाला होती. त्या वॉर्डातल्या बायकांनी अर्ज केला होता की आमची माणसं अजून खाली आहेत, खणायचं थांबवू नका. त्यावर अहवालात काय लिहिलंय ते मी अक्षर न बदलता उतरवते: 'दुर्घटनेनंतर अकराव्या दिवशी झालेल्या शिरगणतीत वॉर्ड नऊची लोकसंख्या पूर्वीइतकीच आढळली आहे. सबब तेथील रहिवासी दगावल्याचा दावा निराधार असून सदर इसम कामासाठी परगावी गेले असावेत. शोधकार्य थांबवण्यात यावे.'

पुरावा म्हणून वॉर्ड नऊचा गोषवारा जोडलाय. तेराशे बारा. खाली प्रगणकाची सही. शेवटच्या अक्षरातून खाली उतरून, वळसा घेऊन वर जाणारी रेघ. ती रेघ माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहे, कारण वडिलांच्या जागी सही करायला आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

आणि मी त्या माणसाला पंख्याखाली बसवून तुम्हालाच हसून दाखवलं होतं.

सही तुमचीच आहे ना? तुम्ही दारोदार गेला होतात का?

भाची

२० फेब्रुवारी

चि. भाचीस,

सही माझी आहे. सगळ्या दारांवर मी गेलो नव्हतो.

त्या काळी मास्तरांनाच या कामाला जुंपत. डिसेंबरातली घरयादीही मीच केली होती, घरोघर बसून, चहा पिऊन, मुलांची नावं विचारून. अर्धी मुलं माझ्याच वर्गातली. जानेवारीत ढीग कोसळला तेव्हा मी भागाकार शिकवत होतो. खिडक्या एकदम करड्या झाल्या. मुलं ओरडली नाहीत, सगळी माझ्याकडे बघत राहिली.

अकरा दिवसांनी शिरगणती आली. मी पहिल्या गल्लीत गेलो आणि पुढे पाय उचलेना. ज्या घरातलं कुणी ना कुणी त्या राखेखाली आहे, त्या दारात उभं राहून 'घरात माणसं किती' हे कोणत्या तोंडाने विचारायचं? मी परत फिरलो, रिकाम्या वर्गात बसलो आणि घरयादी उतरवून काढली. पंखा नव्हता तिथे. त्या कागदाचा कुणी असा उपयोग करील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. अहवाल आला तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. नोकरी गेली असती, तुरुंग झाला असता. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि घाबरलो, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आता सगळं कळलं तुला. यापुढे काही विचारू नकोस. वॉर्ड नऊमध्ये जाऊ नकोस, हात जोडतो.

मामा

२८ फेब्रुवारी

मास्तर,

जाऊ नकोस म्हणालात, म्हणून गेले. लहानपणापासून तुम्हीच मला ओळखता.

पहिल्या गल्लीत एक शिवणवाली आजी आहे. दारातच मशीन मांडून बसते, तोंडात टाचण्या धरून बोलते. मी म्हटलं, नगरपालिकेतून आलेय, पुस्तकासाठी माहिती हवी आहे. ती म्हणाली, "बाई, माहिती घ्यायला बेचाळीस वर्षं लावलीत." मग कपड्यावरची नजर उचलून माझ्याकडे बघत राहिली. "तू कुणाची गं? हनुवटी ओळखीची वाटते." मी आईचं नाव सांगितलं. तिने टाचण्या तोंडातून काढल्या.

"अगं, तू तिच्या कडेवरची पोर! समोरचं पहिलं घर तुमचं. तुझा बाप आणि आमचे हे एकाच पाळीला गेले त्या दिवशी. विटा रचायला."

मी म्हटलं, "नाही आजी, तुमची गफलत होतेय. आम्ही इथे राहत होतो हेच मला ठाऊक नाही. माझे वडील आम्हाला सोडून गेले होते. परगावी."

तिने मशीनच थांबवलं. "कुणी सांगितलं तुला हे?"

मामाने, म्हटलं.

मास्तर, मी तिथून घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. एका पायात चप्पल होती आणि दुसरी आजीच्या दारातच राहिली होती, एवढं दुसऱ्या दिवशी कळलं.

मी आठ वर्षांची होते. तुमच्या ओसरीत बसून विचारलं होतं, बाबा कुठे आहेत. तुम्ही वहीतून मान वर न काढता म्हणालात, गेला परगावी, आपल्याला सोडून. मी आईजवळ जाऊन म्हटलं, बाबा वाईट होते ना? तिने फाडकन मुस्काटात मारली. आयुष्यात एकदाच मारली तिने मला. त्यानंतर दोन दिवस बोलली नाही, आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही. पस्तीस वर्षं मी त्या माणसाचा द्वेष केला. फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे रेघ मारली. माझ्या मुलीने आजोबांबद्दल विचारलं तेव्हा म्हटलं, तसा कुणी नव्हताच. आणि तीन वर्षं, रोज सकाळी, गुडघ्यांसाठी, मी माझ्या बापाच्या अंगावर चालत होते! तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही लिहिलंत, नदीकडचा सपाट रस्ता चांगला आहे.

तुमच्या पत्रात आहे, पहिल्या गल्लीत गेलो आणि पुढे पाय उचलेना. पहिल्या गल्लीतलं पहिलं दार आईचं होतं. तिथे काय झालं?

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरला, पण म्हणाले, चौकशी अहवालाविरुद्ध एका शिवणवालीचा शब्द टिकणार नाही. मूळ प्रगणकाने स्वतः लिहून द्यायला हवं की आकडा खोटा होता, आणि कोण कोण गेलं ते सांगायला हवं. ते आलं तरच यंत्रं थांबतील. नाहीतर वीस मार्चला त्या माणसांना ट्रकमध्ये भरून रस्त्याच्या भरावात टाकतील. तुमच्यावर खटला होईल का, मला माहीत नाही. झाला तर होऊ दे.

भाची

५ मार्च

चि. सौ. भाचीबाईस,

मी कधी लिहीत नाही, अक्षर चांगलं नाही. तुझं पत्र आल्यापासून यांच्या घशाखाली घास उतरत नाही. माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून पुढ्यात घेऊन बसलेत. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पेटीला कुलूप आहे. मी समजत होते, हिच्यात कुणा बाईची पत्रं असतील. चाळीस वर्षं मनातल्या मनात जळले. काल उघडली तर आत एक शाळेची वही. त्यांनी मला वाचून दाखवली. बाई गं, पत्रं असती तर बरं झालं असतं.

त्यांना लिही, नाहीतर शिव्या दे, पण गप्प बसू नकोस.

मामी

७ मार्च

चि. भाचीस,

विचारलंस ते सांगतो.

पहिलं दार तुझ्या आईचंच. माझी धाकटी बहीण. तू कडेवर होतीस, नुकती चालायला लागलेली. मी दारात उभा राहिलो. तीच म्हणाली, "विचार की, दादा. कामाला आलायस ना?" मी विचारलं, घरात माणसं किती. ती म्हणाली, "तीन." मी लिहीत नाही हे बघून माझा हात धरला. म्हणाली, "तीन लिही, दादा. दोन लिहिलंस तर त्यांना वाटेल आम्हीच आशा सोडली. मग ते खणायचं थांबवतील."

मी तीन लिहिलं. पुढच्या दारात शिवणवाली होती, तेव्हा ती नवी सून होती. तिनेही ऐकलं होतं. तीही म्हणाली, "आमचे चार. सगळे चार." तिसऱ्या दारातही तेच. कुणालाही आपल्या तोंडाने आपलं माणूस कमी करायचं नव्हतं. चौथ्या दारावर मी गेलो नाही. म्हटलं, सगळ्यांचं उत्तर एकच आहे, आणि ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. मी सगळे जिवंत लिहून दिले. मला वाटलं, मी त्यांच्या बाजूने लिहितो आहे.

महिन्याभराने तोच कागद दाखवून खणणं बंद केलं. तुझी आई तुला घेऊन माझ्या खोलीवर आली आणि भिंतीला टेकून बसली. ती मला काही बोलली असती तर मी सुटलो असतो. ती एवढंच म्हणाली, "मीच सांगितलं ना तुला, तीन लिही म्हणून." तिने सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला. मी म्हटलं नाही की बाई, तुझं घर एकच होतं, बाकीची तीनशे घरं मी लिहिली. अहवालावर तोंड उघडलं असतं तर तिला तरी कळलं असतं की दोष कुणाचा. मी बदली मागून घेतली आणि तुम्हा दोघींना घेऊन त्या शहरातून निघालो.

तू आठ वर्षांची असताना मी तुला ते खोटं सांगितलं, कारण खरं सांगायला सुरुवात केली असती तर या पानापर्यंत यावं लागलं असतं. तुला मारलं त्या रात्री ती मला म्हणाली, "असं का सांगितलंस पोरीला?" मग स्वतःच म्हणाली, "राहू दे. खरं सांगायचं तर मलाच सांगावं लागेल, मी काय केलं ते." तिने शेवटपर्यंत हेच धरून ठेवलं. तिच्या शेवटच्या आजारपणात दोन महिने मी उशाशी बसत होतो. तेव्हाही मी तिला सांगू शकलो नाही.

सोबत माझी वही आहे. डिसेंबरात घरोघर बसून मी सगळ्यांची नावं हिच्यात लिहिली होती, सरकारी फॉर्मवर फक्त आकडे आणि कुटुंबप्रमुख लागत, पण मला मुलांची नावं लिहायची सवय. नंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळत गेलं तसतसं गेलेल्यांच्या नावापुढे टिंब केलं. एकाहत्तर टिंबं आहेत. सोबत जबाबही आहे. काल कचेरीत जाऊन दोन साक्षीदारांसमोर सही केली. कारकून म्हणाला, आजोबा, नीट विचार करा, हे तुमच्याच विरुद्ध आहे. मी म्हटलं, विचार करून झालाय.

मला तिथे बोलावू नकोस. त्या गल्लीत मी उभा राहू शकणार नाही. तू मला मामा म्हणावंस असा माझा हक्क उरलेला नाही, म्हणून खाली काही लिहीत नाही.

२३ मार्च

मामा,

चार वेळा पत्र लिहायला बसले. पहिल्या तिन्ही वेळा नुसत्या शिव्या लिहिल्या आणि फाडून टाकल्या. त्यांतली एकही खोटी नव्हती.

आधी कामाचं. जबाब अठरा तारखेला अभियंता साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, मग बसून परत वाचला. यंत्रं वीस तारखेला फाटकापर्यंत आली होती, तिथूनच परत पाठवली. काल सकाळपासून माणसं फावड्यांनी खणताहेत. तुझ्यावर कारवाईचं अजून कुणी काही बोललेलं नाही. बोलतील तेव्हा बघू. मी तुला वाचवणार नाही, पण एकटं सोडणारही नाही.

वही घेऊन मी वॉर्ड नऊमध्ये बसले. शिवणवाली आजी शेजारी. आम्ही एकेक टिंब तपासत गेलो. साठ नावं कुणी ना कुणी ओळखली. माझा नवरा, माझा दीर, माझी थोरली. नाव ऐकलं की बायका आधी मान डोलावायच्या आणि मग रडायच्या. माझ्या मुलीला मी घेऊन गेले होते. बाबांच्या नावावर तिने बोट ठेवलं आणि मला म्हणाली, तू तर म्हणायचीस असा कुणी नव्हताच. 

मग शेवटच्या गल्लीतली तीन घरं आली. अकरा टिंबं. आजी म्हणाल्या, त्या घरांना त्या दिवसापासून कुलूपच होतं, कुणीतरी परगावचे भाडेकरू होते, निघून गेले असतील. मी वहीत पाहिलं. तीन जोडपी आणि पाच मुलं, नावं, वयं, सगळं तुझ्या अक्षरात. धाकटी चार वर्षांची, तिच्यापुढे तू कंसात लिहिलंयस, 'शाळेत यायचा हट्ट धरते', आणि खाली नंतरच्या शाईने, 'त्या सकाळी सगळी आवारात जाताना पाहिली'. मामा, ती सगळीच्या सगळी आवारात होती! आईबाप विटा पाडत होते आणि मुलं तिथेच खेळत होती. त्यांच्यासाठी अर्ज करायला, रडायला, तीन म्हणायला मागे एकही माणूस उरलं नव्हतं. बेचाळीस वर्षं ती गेली हेसुद्धा तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी वही मिटली आणि तिथेच जमिनीवर बसले. आजींनी पाणी पाजलं.

दुसऱ्या वॉर्डांच्या प्रगणकांनी खरं लिहिलं आणि त्यांच्या वह्या केव्हाच रद्दीत गेल्या. तुझी राहिली, कारण तुला ती टाकवली नाही. या अकराजणांची जगात तेवढी एकच खूण आहे. म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. मला नुसतं रागावता आलं असतं तर किती सोपं झालं असतं, एवढंच सांगते.

आईचा मात्र मला विचारच करवत नाही. एवढी वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवत होती आणि मनात हे घेऊन उठत होती. तू एक वाक्य बोलला असतास तर ती मोकळी झाली असती. याची माफी तू माझ्याकडे मागू नकोस, ती माझी नाही.

छापखान्यात पान गेलं. वॉर्ड नऊ, बाराशे एक्केचाळीस. टेकडीला आता टेकडी म्हटलेलं नाही. एकाहत्तर नावं इतिहासाच्या प्रकरणात जातील. साहेब म्हणाले, जागा पुरणार नाही, म्हणून बसचं वेळापत्रक काढून टाकलं.

आता मुख्य गोष्ट. काल दुपारी पहिलं माणूस लागलं. मुकादम म्हणाला, कुणीतरी यादी हातात घेऊन उभं राहायला हवं, कोण कुठे कामाला होतं हे सांगणारं. आजींना आता दिसत नाही नीट. घरयादीच्या वेळी प्रत्येकाचं काम विचारून घेणारा तूच, दुसरं कुणी नाही. त्या गल्लीत उभं राहता येणार नाही म्हणतोस. मग माझा हात धरून उभा राहा, पण ये. रविवारच्या गाडीचं तिकीट सोबत पाठवते आहे. मामीलाही आण.

आणि यायच्या आधी एवढं मात्र उलट टपाली कळव. बाबा त्या आवारात कुठल्या बाजूला विटा रचायचे? भिंतीकडे की फाटकाकडे? ते खणत खणत तिथे पोचतील तेव्हा मला तिथे असायचं आहे.

तुझी,
भाची